समासातली पेन्सिल

तिसऱ्या मजल्यावरच्या त्या लांबट खोलीत तुम्ही गेला असतात, तर आधी तुम्हाला ती दिसलीच नसती. दिसले असते ते फॉर्म. टेबलावर फॉर्म, कपाटावर फॉर्म, खिडकीच्या कठड्यावर फॉर्म, त्यांच्यावर वजन म्हणून ठेवलेला एक बंद पडलेला टेलिफोन. मग त्या गठ्ठ्यांमागून, विंगेतून पात्राने डोकवावं तसा, एक चष्मा वर यायचा आणि आवाज यायचा, "पाय पुसून या. आणि दार लोटा, कागद उडतात."

एकतीस वर्षं हाच प्रवेश आणि हेच वाक्य.

ऑफिसात तिला लालमावशी म्हणत. साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे. ही एक संशोधन संस्था होती. लोकांच्या घरी जायचं, प्रश्न विचारायचे, उत्तरं फॉर्मवर लिहून आणायची आणि त्यांचे आकडे करायचे, हा तिचा धंदा. घरोघर हिंडणारा माणूस निळ्या शाईने लिही. त्याचा मुकादम हिरव्या शाईने तपासे. मग गठ्ठा मावशीकडे येई आणि ती प्रत्येक उत्तर वाचून त्याच्या शेजारी लाल शाईने एक आकडा टाकी. या आकड्याला तिथे कोड म्हणत. माणूस आपल्या दुःखाची पानभर कहाणी सांगे, मावशी त्यावर ‘१४’ लिही, आणि पुढे जगाला त्या माणसाचं फक्त चौदापण कळे. तिला याचं वाईट वाटे. म्हणून ती चौदा लिहिण्याआधी पानभर कहाणी पूर्ण वाची. तेवढं तरी देणं लागतो म्हणे आपण.

नवीन माणूस हाताखाली आला की त्याचा पहिला धडा ठरलेला.

"उत्तर ‘नाही’ आलं तर कोड काय?"

"दोन, मावशी."

"आणि माणूस काही बोललाच नाही तर?"

"तेही दोनच की. बोलला नाही म्हणजे नाहीच म्हणायचं असेल."

"हात पुढे कर, पट्टी मारते. बोलला नाही तर नव्याण्णव! ‘नाही’ म्हणणारा वेगळा आणि गप्प बसणारा वेगळा. गप्प बसणाऱ्याच्या पोटात काय आहे ते तुला काय ठाऊक?"

पेन्सिल मात्र कोणाचीच नव्हती. हिंडणारी माणसं घाईत काहीबाही खुणा पेन्सिलीने करून ठेवत, पत्ता, वेळ, ‘कुत्रं चावरं आहे’ वगैरे. फॉर्म पुढे मशीनकडे जाण्याआधी पेन्सिलीचं सगळं खोडायचं, हा नियम. तेही काम मावशीचंच. तिच्या खणात खोडरबरांचा डबा असे, आणि पदरावर कायम काळ्या बारीक अळ्या.

हिंडणाऱ्यांमध्ये एक गृहस्थ होते, त्यांना ऑफिसने ‘पायपिटे’ असं आडनावच बहाल केलं होतं. उंच, किंचित वाकलेले, खांद्याला कापडी पिशवी, आणि बूट असे की चांभाराने बघून डोळे मिटून घ्यावेत. संस्थेची एक मोठी पाहणी होती. तीच नऊशे घरं, दर दोन वर्षांनी. त्यातली सव्वादोनशे घरं पायपिट्यांची. ते गठ्ठा स्वतः घेऊन तीन जिने चढत, मावशीच्या टेबलाशेजारच्या लाकडी खुर्चीवर बसत, आणि ती कोड टाकेपर्यंत हलत नसत. सगळे तिला मावशी म्हणत, हे एकटे ‘बाई’ म्हणत.

"बाई, माझं अक्षर लागतंय ना?"

"तुमच्या अक्षराला अक्षर म्हणतात, हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"मग इतकी वर्षं वाचता कसं?"

"सवयीने. माणूस खरकट्या भांड्यांनाही सरावतो."

ते हसत. चहा येई. तिला बिनसाखरेचा, त्यांना तीन चमचे. आणि खरी गंमत तर समासात असे. फॉर्मच्या डाव्या बाजूला दोन बोटं कोरी जागा सोडलेली असते, तिथे इतर हिंडणारे काही लिहीत नसत. पायपिटे तिथे तिच्यासाठी लिहीत. ‘उत्तर नवऱ्याने दिलं, पण बायकोने मान हलवली नाही.’ ‘वय पन्नास म्हणाल्या. भिंतीवरच्या फोटोवरून साठ. मी पन्नासच लिहिलंय, बाई, तुम्हीही राहू द्या.’ जे लोक तिने कधी पाहिले नाहीत, त्यांची घरं तिला अशी आतून पाठ झाली. आणि लिहिणाराही पाठ झाला.

तिनाचा जन्म असाच समासात झाला.

त्या पाहणीत घरातल्या प्रत्येक माणसापुढे प्रश्न होता, सध्या घरात राहतात का? एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. एका फॉर्मवर थोरल्या मुलाच्या रकान्यात पायपिट्यांनी काहीच टाकलं नव्हतं. समासात निळ्या शाईने लिहिलं होतं, ‘आई म्हणते, राहतो. खोली झाडलेली, पलंगावर धुतलेली चादर, जेवायला बसताना त्याचंही ताट. शेजारीण म्हणते, जाऊन सात वर्षं झाली, पत्र नाही. हो लिहू तर खोटं. नाही लिहू तर त्या आईसमोर कसं लिहू? बाई, सोडवा.’

मावशीने अर्धा दिवस तो फॉर्म बाजूला ठेवला. मग लाल पेनाने लिहिलं, ‘३’. कोडच्या पुस्तकात तीन नव्हता. तिने आपल्या प्रतीच्या आतल्या बाजूला लिहून ठेवलं: ३ = घरात नाही, पण वाट पाहिली जाते.

पुढे हळूहळू सगळ्या हिंडणाऱ्यांना तीन माहीत झाला. कोणी छापला नाही, कोणी विचारला नाही. जुन्या मशीनला कुठलाही आकडा चाले, ते बिचारं एकाच्या जागी तीनही गिळी.

*

मग भागीदारी आली.

तळमजल्यावर भलं मोठं चित्र लागलं, दोन हात एकमेकांत अडकवलेले. संख्याशास्त्राचं सॉफ्टवेअर विकणारी एक मोठी कंपनी आणि ही संस्था, यांनी आता मिळून काम करायचं ठरवलं होतं. कंपनी आपला प्रोग्राम आणि शिकवणारी माणसं देणार, संस्था आपली तीस वर्षांची माहिती त्यात ओतणार, अहवालावर दोघांची नावं. साहेबांचे पाय जमिनीवर नव्हते. कागदी फॉर्म स्कॅन होतील, नंतर लगद्याच्या कारखान्यात जातील, आणि मोकळ्या झालेल्या तिसऱ्या मजल्यावर काचेच्या खोल्या होतील, असं त्यांनी हात पसरून पसरून सांगितलं.

कंपनीकडून एक मुलगी आली. तिशीच्या आतली, चुणचुणीत, केस वर बांधून त्यात पेन खोचलेलं. मावशीने तिला पाहिल्या पाहिल्या नापसंत करायचं ठरवलं होतं. पण ती दारात पाय पुसून आली, दार लोटलं, आणि म्हणाली, "मावशी, एक कोडं आहे. ‘घरात राहतात का’ या प्रश्नात दोनशे चौदा ठिकाणी तीन आलाय. पुस्तकात तीन नाहीच. आमचा प्रोग्राम त्याला चूक धरतोय. साहेब म्हणाले, चूक असेल तर रिकामं करून टाका."

मावशीने पेनाचं टोपण लावलं. "चूक नाही ती."

"मग काय आहे?"

मावशीने सांगितलं. मुलगी ऐकत राहिली. केसांतलं पेन काढून परत खोचलं.

"मला पटलं हो, मावशी. पण मला पटून भागत नाही. लेखी लागतं. कोड टाकणाऱ्याची सही, माहिती आणणाऱ्याची सही, आणि ज्यांत हे लिहिलंय ते फॉर्म. पुढच्या शुक्रवारपर्यंत मिळालं तर मी तीन रीतसर नावासकट घालून देते. नाहीतर दोनशे चौदा रकाने रिकामे. सोमवारी कागदांची गाडी येणार."

दहा दिवस होते. मावशीने लगेच तळघराची किल्ली मागवली, आणि हे फक्त तिनासाठी चाललंय असं स्वतःला बजावलं.

फॉर्म शोधायला ती तळघरात गेली. पदर खोचून, तोंडाला रुमाल बांधून, एकेका वर्षाचे गठ्ठे सोडत गेली. समास बोलत होते. ‘तीन, बाई. दाराला कडी नाही लावत रात्री.’ ‘तीन. फोटोला हार घालायला म्हातारा तयार नाही.’ निळी शाई जरा फिकी झाली होती, पण आवाज तोच. ती ओट्यावर बसून वाचत राहिली. आणि चौथ्या दिवशी तिच्या हाताला तो लागला. अठ्ठ्याऐंशी नंबरचा फॉर्म.

तो ती शोधत नव्हती, असं म्हणणं खोटं ठरेल.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. मावशीचं लग्न झालेलं नव्हतं. धाकटा भाऊ शिकवला, मार्गी लावला, तो दूरच्या गावी गेला, आणि ती आणि आई अशा दोघी उरल्या. त्या आठवड्यात आई दवाखान्यात होती. मावशी सकाळी तिथून यायची, दुपारी तिथे पळायची. पायपिट्यांचा गठ्ठा आला होता. ते या वेळी खुर्चीवर बसले नाहीत. "सावकाश बघा, बाई, घाई नाही," म्हणाले आणि गेले. पण मशीनवाल्यांना घाई होती. तिने ते सव्वादोनशे फॉर्म समोर घेतले, आणि जन्मात जे केलं नव्हतं ते केलं. न वाचता खोडलं. समासात जिथे पेन्सिल दिसेल तिथे खोडरबर फिरवलं आणि गठ्ठा पाठवून दिला.

दोन महिन्यांनी, आई गेल्यानंतर, ते फॉर्म परत आले. कपाटात लावताना अठ्ठ्याऐंशीच्या समासात तिला कागद दबलेला दिसला. पायपिटे समासात कधी पेन्सिल वापरत नसत, निळी शाईच. इथे पाच ओळी पेन्सिलीच्या होत्या. उजेडात तिरपा धरला, तेव्हा सुरुवातीचं ‘बाई’ लागलं, आणि शेवटचं प्रश्नचिन्ह. मधलं काही केल्या लागलं नाही.

विचारायला हवं होतं. ती रोज ठरवी, पुढच्या फेरीला विचारू. पण पायपिटे आता बदलले होते. गठ्ठा ठेवत, चहा पीत, समासात लिहीतही, पण सगळं निळ्या शाईत आणि सगळं दुसऱ्यांच्या घरांबद्दल. पाच वर्षं असं चाललं. मग त्यांचे गुडघे गेले, निरोपाचं भाषण झालं, आणि ते कुठल्याशा गावी पुतणीकडे राहायला गेले. त्याला सहा वर्षं झाली. लाकडी खुर्ची तिने कोणाला हलवू दिली नव्हती. विचारलं तर म्हणे, "पाय मोडलाय तिचा, पडाल." पाय चांगला होता.

*

जुन्या रजिस्टरात नंबर होता. मावशीने तो तीनदा फिरवून तीनदा वाजण्याआधी ठेवून दिला. चौथ्यांदा राहू दिला.

"हॅलो? कोण?"

"मी... कोडिंगमधून बोलतेय."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज.

"बाई? अहो, मी गेलो अशी बातमी आली की काय तुमच्याकडे? खात्री करायला फोन केलात?"

"तसं असतं तर नव्याण्णव टाकून मोकळी झाले असते. फोनचा खर्च कशाला?"

ते हसले. तेच हसू, फक्त शेवटी खोकला नवा. मग तिने सगळं सांगितलं. भागीदारी, कंपनीची मुलगी, दोनशे चौदा रकाने, शुक्रवार.

"तीन पुसणार?" पायपिटे एकदम ताठ झाल्यासारखे बोलले. "त्या आईचा मुलगा पुसणार? तिच्या घरी मी पुढच्या सहा फेऱ्या गेलोय. दर वेळी ताट. लिहितो, आजच लिहितो. कुणाच्या नावाने पाठवू?"

"माझ्याच नावाने पाठवा. ऑफिसच्या पत्त्यावर." ती थांबली. "गुडघे कसे आहेत?"

"भांडलेत एकमेकांशी. एक वर जायचं म्हणतो, दुसरा ऐकत नाही."

आता फोन ठेवायचा होता. निरोपाचे शब्द ओठांवर होते. पण तळघराची धूळ अजून तिच्या हाताला होती, आणि सोमवारी गाडी येणार होती.

"फॉर्म काढताना अठ्ठ्याऐंशी नंबर सापडला," ती म्हणाली. "समासात पेन्सिलीचं काहीतरी होतं. माझ्याकडून खोडलं गेलं. न वाचता."

तिकडे खुर्ची पुन्हा सरकली.

"न वाचता?"

"आई दवाखान्यात होती हो त्या आठवड्यात. मी एकही वाचला नाही."

तिने फोन कानावेगळा करून पाहिला, लागलाय की तुटलाय.

"बाई," शेवटी आवाज आला, जरा घाईचा, "दूध ठेवलंय गॅसवर. उतू जाईल."

आणि फोन बंद.

पुढचे चार दिवस मावशीचा जीव टांगणीला लागला होता. पोस्टमन जिना चढला की तिचं पेन थांबे. कंपनीची मुलगी रोज डोकावे. "आलं का, मावशी?" "येईल. चालत निघालं असेल, सवय आहे त्यांना." विनोद करायची तिची हौस अशा वेळी दुप्पट होई.

गुरुवारी पाकीट आलं.

रेघांचा कागद, निळी शाई, तेच खरकट्या भांड्यांचं अक्षर. पत्र एकदम सरकारी थाटाचं होतं. ‘मी, खाली सही करणार, असे प्रमाणित करतो की’ वगैरे. तीन म्हणजे काय, तो कधीपासून, कोणत्या घरापासून, सगळं नीट. खाली सही. डावीकडे दोन बोटं समास. आणि त्या समासात वरपासून खालपर्यंत, बारीक, पेन्सिल.

मावशीने दार लोटलं. चष्मा पुसला. मग वाचलं.

‘बाई, अठ्ठ्याऐंशीवर विचारलं होतं की आपल्या दोघांचा मिळून एकच फॉर्म भरता येईल का? फॉर्म परत आले तेव्हा पाहिलं, तुम्ही खोडलं होतं. मी समजलो, नाही म्हणालात. ‘नाही’ वेगळं आणि ‘उत्तर दिलं नाही’ वेगळं, हे सगळ्यांना तुम्ही शिकवलंत, त्या खोलीत मीही बसलेला असे. तरी नव्याण्णवच्या जागी दोन मीच टाकला. परवा इथे एक मुलगी माणसं मोजायला आली होती. घरात कोण कोण, म्हणाली. पुतणीने सगळी नावं सांगितली. आणखी कोणी, म्हणून तिने माझ्याकडे पाहिलं. मी जरा थांबलो. तिने थांबणं लिहिलं नाही. दूध गॅसवर नव्हतं.’

चहा आला आणि गार झाला. डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा तिने कागद लांब धरला, अक्षर फुटू नये म्हणून. अकरा वर्षं. त्यातली पाच तर ते त्याच खुर्चीवर, हाताच्या अंतरावर, तीन चमचे साखर ढवळत बसले होते. नुसतं ‘काय हो लिहिलं होतं?’ एवढं वाक्य. नाटकातली साधी दासीसुद्धा याहून लांब वाक्य बोलते.

दारावर टकटक झाली. साहेबांच्या ऑफिसातला कारकून होता. "मावशी, पत्र आलं म्हणे. द्या, स्कॅन करून कंपनीला द्यायचंय." त्याने वाकून पाहिलं. "समासात पेन्सिल आहे ना? नियमाप्रमाणे खोडून द्या."

मावशीने खण उघडला. खोडरबरांचा डबा होता, त्याच्याशेजारी कात्री होती. तिने कात्री घेतली, पट्टी धरली, आणि पत्राचा समास वरपासून खालपर्यंत सरळ रेषेत कापून घेतला. कापलेला समास हलकेच गुंडाळून चष्म्याच्या डबीत ठेवला.

"हे घ्या."

"अहो, समास?"

"समासाचं तुम्हाला काय करायचंय? पत्र वाचा."

शुक्रवारी तीन रीतसर दाखल झाला. मुलीने स्वतः मावशीला बोलावून दाखवलं. पडद्यावर एक, दोन, आणि खाली तीन, आणि त्यापुढे मावशीचेच शब्द, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. दोनशे चौदा माणसं, जी घरात नव्हती, ती तिथे होती.

मग सरावाची वेळ होती. प्रोग्राम शिकण्यासाठी सगळ्या ऑफिसने आपापल्या घराची माहिती भरून बघायची होती. मावशीने एका बोटाने सुरुवात केली. पहिली ओळ: स्वतः. वय अठ्ठावन्न. घरात राहतात का, एक. ‘आणखी कोणी?’ असं मशीनने विचारलं.

मावशी जरा थांबली.

मग तिने दुसरी ओळ उघडली. नातं: यादी खाली खाली जात राहिली, नवरा, मुलगा, भाऊ, भाचा, सासरा, भाडेकरू. काहीच बसेना. सगळ्यात शेवटी ‘इतर’ होतं. तिने ते निवडलं. वय सदुसष्ट. घरात राहतात का?

तीन.

कंपनीची मुलगी मागे उभी होती. तिने पाहिलं, आणि शहाणी पोर, काही विचारलं नाही.

"हे छापून मिळेल का गं?" मावशी म्हणाली.

"मिळेल की. पण सरावाचं आहे, संध्याकाळी पुसणार आहोत सगळं."

"पूस. वाचून झालंय."

कागद गरम गरम बाहेर आला. दोनच ओळी. दुसऱ्या ओळीत तिनापुढे प्रोग्रामने आपणहून पूर्ण अर्थ छापला होता, घरात नाही, पण वाट पाहिली जाते. मावशी तिसऱ्या मजल्यावर आली. गठ्ठे दोरीने बांधून दाराशी रचले होते, खोली आवाज केला तर घुमेल इतकी मोकळी झाली होती. लाकडी खुर्ची तेवढी जागच्या जागी. तिने पाकिटावर पत्ता लिहिला, लाल शाईने, तिच्याजवळ दुसरी शाई कधी नव्हतीच.

कागद घालण्याआधी तिने तो एकदा उजेडात धरला. डावीकडे मशीनने दोन बोटं जागा सोडली होती. तिने पेन उचललं, टेकवलंही, आणि मग परत घेतलं. समास त्यांचा होता. तो तिने कोराच पाठवला, आणि पाकिटात सोबत एक पेन्सिल घातली.